डाग काढलेला कडा

लेन्स असो की चष्मा, तो आधी शर्टाच्या टोकाने पुसायचा. मग जीभ चावायचा, खिशातून मऊ फडकं काढायचा आणि पुन्हा पुसायचा.

कुणाच्याही घरात शिरला की आधी खिडकी शोधायचा. घरच्यांना उठवून खिडकीसमोर बसवायचा. आजारी माणसाला भेटायला गेला तरी हेच. उजेडात आजारी माणूस बरा दिसतो, म्हणायचा.

कुठल्याही समारंभात सगळ्यांत शेवटी जेवायचा. उभ्याने, भिंतीकडे तोंड करून, भरभर. स्वतःच्या वाढदिवसालासुद्धा.

अनोळखी पुरुषाला काका म्हणायचा, अनोळखी बाईला मावशी. नावाने हाक मारली तर माणूस दचकून बघतो, काका म्हटलं तर हसून बघतो, हा त्याचा धंद्यातला अनुभव.

ड्रोन उजवीकडे वळला की तो स्वतःही उजवीकडे झुकायचा. त्यामुळे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला धक्का बसायचा. धक्का बसलेल्या माणसाला तो म्हणायचा, ‘हसू नका, नैसर्गिक राहा.’

आणि एकदा करून त्याचं कशानेच समाधान व्हायचं नाही. दाराला कुलूप लावलं की ‘एकदा परत’. चहा ढवळला की ‘एकदा परत’. म्हणून सगळे त्याला रिटेक म्हणायचे. खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर होतं.

अशा माणसाने गेल्या महिन्यात झोपेतल्या झोपेत, पहिल्याच टेकमध्ये निघून जावं, हे ओळखीतल्या कुणालाच अजून पटलेलं नाही.

रिटेक आणि त्याची ताई मिळून फोटो स्टुडिओ चालवायचे. चपलांच्या दुकानाच्या वरची एक खोली. जायला लाकडी जिना. आत धबधबा रंगवलेला पडदा, फिरतं स्टूल, आरसा आणि दोरीने बांधलेला कंगवा. कंगवा बांधायची कल्पना ताईची. खुंटीवर एक काळा कोट होता. ज्यांना फोटोपुरतं साहेब व्हायचं असेल त्यांच्यासाठी. त्या कोटाला पाठ नव्हती.

लग्न दोघांनीही केलं नव्हतं. ताईला कुणी पसंत पडलं नव्हतं. रिटेक म्हणायचा, मी इतक्या नवऱ्या इतक्या जवळून बघितल्यात की माझी हौस फिटली.

काउंटरमागच्या भिंतीवर एक फ्रेम होती. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. त्यात महिन्या-महिन्याला नवीन फोटो लागायचा. डावीकडे मुरमं, तीळ, डोळ्यांखालची वर्तुळं. उजवीकडे तोच माणूस, पण उकडलेल्या अंड्यासारखा. ही रिटेकची खरी कला. कच्चा फोटो दुकानाबाहेर जाता कामा नये, हा त्याचा नियम. कच्चं दाखवणं म्हणजे नवरीला अर्ध्या मेकअपमध्ये स्टेजवर ढकलणं, असं तो म्हणायचा. फोटो तयार झाला की तो मूळचा फोटो पुसून टाकायचा. नवरीकडच्यांच्या हाती लागला तर भांडणं होतात.

एकदा एक तरुण पासपोर्ट फोटो परत घेऊन आला.

“मला परीक्षेला आत सोडलं नाही. दारावरचा माणूस म्हणाला, हा तुमच्या धाकट्या भावाचा फोटो आहे.”

“म्हणजे चांगलाच आलाय की,” रिटेक म्हणाला.

“माझ्या गालावरचा तीळ कुठे गेला?”

“तीळ तुमच्या गालावरच आहे. फोटोत नसला म्हणून काय बिघडलं?”

ताईने त्या तरुणाचा फोटो फुकट परत काढायला लावला. मग ती रिटेकला म्हणाली, “एक दिवस तू कुणाचं तरी नाक काढून टाकशील.”

लग्नांसाठी म्हणून त्याने ड्रोन घेतला. पहिल्याच लग्नात सगळी फिल्म वरून घेतली. चारच दिवसांत नवरीचे वडील जिना चढून आले. म्हणाले, आमच्या घराण्यात इतकी टकलं आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं, आता ते व्याह्यांनाही माहीत झालं. त्यानंतर ड्रोन फळीवर गेला आणि तिथेच बसला. ताई रोज त्याच्यावरून फडकं फिरवायची आणि रोज एक टोमणा मारायची. “बसलेत महाराज. उडायचं नाव नाही.”

मग मॅडम आल्या.

मॅडम वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत कामाला होत्या. बुटांना चिखल, केसांत एक वाळकी काडी. त्यांना पासपोर्ट फोटो हवा होता. रिटेकने त्यांना स्टुलावर बसवलं.

“हनुवटी जरा वर, मावशी.”

“मी तुमची मावशी नाही.”

“बरं, मॅडम. पण हनुवटी वरच.”

मॅडमची हनुवटी वर गेली. नजरही गेली. ती फळीवरच्या ड्रोनवर जाऊन थांबली.

“हा वाऱ्यात उडतो?”

“लग्नात वारा नसतो, मॅडम. पंखे असतात.”

“कड्याजवळ उडेल?”

“कड्यावर कुणाचं लग्न आहे?”

“हो म्हण,” ताई काउंटरवरून म्हणाली. “विचार मागाहून कर.”

तो हो म्हणाला.

शहर संपतं तिथे रस्त्याच्या डोक्यावर एक उभा कडा आहे. त्यावरून दगड सुटतात आणि गाड्यांवर पडतात. रस्तेखात्याने ठरवलं होतं की कड्याला जाळी ठोकायची आणि वरून सिमेंटचा फवारा मारायचा. खात्याचं काही चुकत नव्हतं. दगड खरेच पडत होते. पण मॅडम विद्यार्थिनी होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी त्याच कड्यावर, दुर्बिणीतून, एक बारीकसं झुडूप बघितलं होतं. तसं झुडूप त्यानंतर कुणालाच कुठेच दिसलं नाही. आता ते तिथे आहे की नाही, हे बघायला वर जाता येत नव्हतं. दोर लावला की दगड सुटायचे. खात्याच्या इंजिनिअरांनी मॅडमना सांगितलं होतं, सोमवारच्या बैठकीत दाखवा. दाखवता आलं नाही तर आम्ही फवारा सुरू करतो.

हे सगळं मॅडमनी रिटेकला सांगितलं. झुडूप ओळखायचं कसं, तेवढं सांगितलं नाही. ओळखणं त्यांचं काम, उडवणं त्याचं. सगळा घोळ तिथे झाला.

पहिल्या दिवशी आभाळ राखाडी होतं. रिटेकने ड्रोन वर नेला, कड्यासमोर धरला आणि विचारलं, “यातली मधली कोण?”

“मधली म्हणजे?”

“नवरी. जिच्याभोवती फिरायचं ती.”

“इथे नवरी नाही,” मॅडम म्हणाल्या. “सगळे पाहुणेच आहेत. आणि फिरायचं नाही. वरून खाली, मग जरा सरकून खालून वर. सरळ पट्ट्यांत.”

“ही काय फिल्म झाली, मॅडम? ही भिंत रंगवणं झालं.”

पण त्याने पट्टे मारले. मधूनमधून त्याचा हात ऐकायचा नाही. एखादं फूल दिसलं की ड्रोन त्याच्याभोवती हळूच अर्धी गिरकी घ्यायचा आणि रिटेक मॅडमच्या अंगावर कलंडायचा. मॅडम दुसऱ्या दिवशी चार पावलं लांब उभ्या राहिल्या.

चित्रण संपलं. मग रिटेक कॉम्प्युटरसमोर बसला आणि ताईने ताट आणून ठेवेपर्यंत उठायचं नाही, असं त्याने ठरवलं. लग्नाचं काम येऊन किती तरी दिवस झाले होते. त्याला हात दाखवायचा होता. राखाडी आभाळ त्याने निळं केलं. ओल्या खडकावरचे काळे ओघळ पुसले. एका कपारीत बारीक पांढरी फुलं होती, त्यांच्यावर तपकिरी ठिपके होते. त्याला वाईट वाटलं. इतकी गोड फुलं आणि तोंडावर असे डाग. त्याने ते एकेक करून काढले. फूल न फूल. पाठ मोडली, पण त्याने एकाही फुलावर अन्याय केला नाही.

मग त्याने ड्रोनमधलं मेमरी कार्ड पुसलं.

मॅडम बघायला आल्या. सुरुवातीला सोनेरी अक्षरांत ‘कडा’ असं आलं. मागे बासरी वाजत होती. पडद्यावर वरून गुलाबी पाकळ्या पडायला लागल्या.

मॅडम एकदम पुढे वाकल्या. “ही कुठली जात?”

“ही टेम्प्लेटची. सगळ्या लग्नांत पडतात.”

मॅडम पुन्हा मागे टेकल्या. पूर्ण फिल्म त्यांनी बघितली. पांढरी फुलं आली तेव्हा त्यांनी थांबवायला सांगितलं, बराच वेळ बघितलं आणि चष्मा काढून हातात धरला.

“ही साधी जात आहे. गटाराकडेलाही उगवते.”

“पण छान आलीत ना?”

“छान आलीत,” मॅडम म्हणाल्या. “सोमवारी सांगते त्यांना, काही मिळालं नाही म्हणून.”

त्या पिशवी आवरायला लागल्या. रिटेकला हे अजिबात आवडलं नाही. गिऱ्हाईक रडलं तर त्याला चालायचं, हसलं तर चालायचं. नुसतं ‘छान’ म्हणून पिशवी आवरणारं गिऱ्हाईक त्याला सहन व्हायचं नाही.

“मॅडम, मूळचं काय होतं आणि मी काय केलं, ते तरी बघून जा.”

त्याने भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट केलं. त्या महिन्याचा नवा नमुना त्याने तिथे लावला होता. एकच फूल. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. दोन्ही बदामाच्या आकारात कापलेली.

मॅडम फ्रेमजवळ गेल्या. आणखी जवळ गेल्या. नाक काचेला लागलं.

“हे ठिपके?”

“तेच तर सांगतोय. काढले. सगळ्यांच्या तोंडावर होते.”

“सगळ्यांच्या?”

“त्या एका कपारीतल्या सगळ्यांच्या. इकडेतिकडे होती ती पोरं स्वच्छ होती. मला वाटलं, धूळ असेल. नाहीतर उन्हाने.”

मॅडमना बसावंसं वाटलं. मागे फिरतं स्टूल होतं. त्या बसल्या तसं ते फिरलं आणि त्यांचं तोंड धबधब्याकडे झालं. त्या तशाच, धबधब्याकडे बघत बोलल्या.

“त्या ठिपक्यांवरूनच ती ओळखतात. त्याशिवाय तिच्यात आणि गटाराकडेच्या जातीत काहीही फरक नाही.”

खालून चपलांचं दुकान ऐकू येत होतं. एक बाई एक नंबर मोठी मागत होती.

“मूळ चित्रण द्या,” मॅडम धबधब्याला म्हणाल्या.

“पुसलं.”

“सगळं?”

“कच्चं ठेवत नाही मी.”

“ही कपार कड्यावर नेमकी कुठे आहे?”

“डावीकडे,” रिटेक म्हणाला. मग त्याने विचार केला. “किंवा उजवीकडे. बदामात बसावं म्हणून मी चित्र उलटं केलं होतं. केलं होतं का?”

“माणसांचे तीळ संपले,” ताई म्हणाली, “म्हणून आता झाडांचे काढायला लागला.”

तो फ्रेमसमोर उभा राहिला. उजव्या बदामातलं फूल हे त्याने आयुष्यात केलेल्या कामांपैकी सगळ्यांत सफाईदार काम होतं. सिमेंटवाले कडा पुसणार होते. त्यांच्या आधी तो आपण पुसला, आणि वर बासरी घातली, हे त्याला कळलं.

“मॅडम,” तो म्हणाला, “एकदा परत.”

दुसऱ्या दिवशी वारा होता. कड्याखाली रस्तेखात्याचं मिक्सर येऊन उभं होतं. कामगार सावलीत बसले होते, नळीची वेटोळी शेजारी पडली होती. इंजिनिअर हेल्मेट काखेत मारून फिरत होते.

“सोमवारनंतर ही माणसं थांबणार नाहीत, मॅडम. मशीनचंही भाडं चालू आहे.”

“सोमवार अजून उजाडायचाय,” मॅडम म्हणाल्या.

एक कामगार रिटेकच्या रिमोटमध्ये डोकावला. “लग्न कुणाचंय, काका?”

“हसू नका,” रिटेक म्हणाला, “नैसर्गिक राहा.” पण त्याचं लक्ष त्या बोलण्यात नव्हतं.

कपार उजवीकडे होती. सापडायला वेळ लागला, पण सापडली. खरी अडचण पुढे होती. ड्रोन जवळ नेला की त्याच्याच पंख्यांच्या वाऱ्याने फुलं पिंजल्यासारखी हलायची आणि ठिपके दिसेनासे व्हायचे. लांब ठेवला तर खरा वारा त्याला ढकलायचा. एका जागी ड्रोन थोपवून धरायची रिटेकच्या हाताला सवयच नव्हती. त्याचा हात आयुष्यभर गोल फिरलेला. स्क्रीनवर नुसता पांढरा फराटा दिसत होता.

“जमतंय का?” मॅडमनी विचारलं. त्या त्याच्या अगदी जवळ उभ्या होत्या. लांब राहायचं विसरल्या होत्या.

“गप्प राहा जरा, मॅडम. जेवतायत ते.”

“कोण?”

जेवणाऱ्या पाहुण्यांचा फोटो काढणं हे लग्नातलं सगळ्यांत अवघड काम. तोंडात घास, गाल फुगलेला, डोळे ताटात. कितीही विनवा, कुणी थांबत नाही. मग आपणच थांबायचं. घास खाली उतरतो आणि दुसरा उचलायला हात जातो, त्या मधल्या क्षणाला प्रत्येक माणूस माणसासारखा दिसतो. तेवढ्यात बटण दाबायचं. हे त्याला झोपेतही जमायचं. तो वाऱ्याकडे तसा बघायला लागला. वाऱ्याने घास घेतला. चावला. आणखी चावला.

“मावशी, जरा इकडे,” तो पुटपुटला. “काका, तुम्ही मागे व्हा. हां. गिळा आता. गिळा.”

वारा पडला. फुलं सरळ झाली. रिटेकने श्वास धरला आणि पहिल्यांदाच तो कुठल्याच बाजूला झुकला नाही.

मग वाऱ्याने पुढचा घास घेतला आणि ड्रोन भेलकांडत खाली आला.

सोमवारी बैठकीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या आणि खिडकीला नीट न मिटणारा पडदा होता. त्यातून येणारी उन्हाची तिरीप बरोब्बर चित्रावर पडत होती. रिटेक दाराजवळ उभा होता. कच्चं चित्रण चारचौघांत लागणार म्हणून त्याचे कान लाल झाले होते.

“मी असं देत नाही कधी,” त्याने शेजारच्या शिपायाला सांगितलं. “माझं काम असं नसतं.”

चित्र डगमगत होतं. आभाळ राखाडी, खडकावर काळे ओघळ. शिवाय रिमोटने आवाज टिपला होता, आणि तो काढायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. त्यामुळे रस्तेखात्याच्या साहेबलोकांनी, माना वर करून, पूर्ण गांभीर्याने ऐकलं: मावशी, जरा इकडे. काका, तुम्ही मागे व्हा. गिळा आता.

एका साहेबांनी नकळत आवंढा गिळला.

मग चित्र स्थिर झालं. पांढरी फुलं, आणि प्रत्येक पाकळीवर तपकिरी ठिपके.

“ही धूळ नाही कशावरून?” इंजिनिअरांनी विचारलं.

“मलाही धूळच वाटली होती, साहेब,” रिटेक दारातून म्हणाला. “त्याचंच तर हे सगळं झालंय.”

“प्रत्येक पाकळीवर त्याच जागी ठिपके आहेत,” मॅडम म्हणाल्या. “धूळ इतक्या शिस्तीत बसत नाही.”

इंजिनिअर उठून चित्राजवळ गेले. त्यांनी एक ठिपका बोटाने पुसून बघितला. तो त्यांच्या बोटावर आला. बोट काढलं तर पुन्हा फुलावर गेला. त्यांनी तसं दोनदा केलं.

शेवटी असं ठरलं की रस्त्याच्या कडेला उंच जाळी लावायची, म्हणजे पडणारे दगड तिथेच अडतील. आणि पूर्ण कड्याची पाहणी संपत नाही तोवर सिमेंट मारायचं नाही. इंजिनिअर बाहेर पडताना रिटेकला म्हणाले, “लवकर आटपा.”

रिटेकला लवकर काही आटपायचं म्हणजे काय, ते माहीत नव्हतं. तो मोसमामागून मोसम कड्यासमोर उभा राहिला. वरून खाली, खालून वर. प्रत्येक पट्टा एकदा परत. आभाळाला त्याने पुन्हा हात लावला नाही. गुलाबी पाकळ्या मात्र अधूनमधून पडायच्या. मॅडम म्हणायच्या, असू द्या.

स्टुडिओत मात्र याचा त्रास झाला. त्याने माणसांचे तीळ काढणं बंद केलं. मुरमंही. एक होणारी नवरी फोटो बघून रडायला लागली तर म्हणाला, “ताई, तुम्हाला यांच्यावरूनच ओळखतात.” ताईने, म्हणजे खऱ्या ताईने, त्याला आत पाठवलं आणि गिऱ्हाईक स्वतः हाताळलं. मग तीच कॉम्प्युटरवर बसून डाग काढायला शिकली. तिच्या हातून माणसं जरा जास्तच गोरी व्हायची, पण तक्रार कुणी केली नाही.

कड्याच्या मध्यावर एक खडक पुढे आलेला आहे. पोट सुटलेल्या माणसासारखा. त्याच्या खाली अंधार असतो आणि वारा उलटा फिरतो. बाकी सगळा कडा झाला होता, ती एवढी जागा राहिली होती. रिटेकने तिथे दोन-तीनदा ड्रोन घातला आणि घाबरून बाहेर काढला. शेवटच्या वेळी कड्यापाशी गेला तेव्हा मॅडमना म्हणाला, “आत काहीतरी हिरवं आहे. पण आज वारा गिळत नाहीये. गुरुवारी बघू.”

गुरुवार यायच्या आत तो गेला.

आता रस्तेखात्यातून मॅडमना फोन येतो. पाहणी संपली का, विचारतात.

“थोडी राहिलीये,” मॅडम सांगतात.

“किती?”

“त्या खडकाच्या पोटाखालची.”

“मग दुसरा कुणी ड्रोनवाला बघा की, मॅडम. शहरात आहेत भरपूर.”

“बघते,” मॅडम म्हणतात.

शहरात ड्रोनवाले खरंच भरपूर आहेत. मॅडमनी अजून एकालाही विचारलेलं नाही. मिक्सर परत आलेलं नाही, आणि खडकाच्या पोटाखाली काय हिरवं आहे, ते कुणी बघितलेलं नाही.